बगलफुटीचे रोप

टोमॅटोच्या बागेत फळाच्या आधी माल निघतो तो बगलफुटींचा. लागवडीचा तिसरा-चौथा आठवडा उजाडला की पान आणि खोड यांच्या बेचक्यातून कोंब डोके वर काढतात. ते राहू दिले तर झाडाचे झुडूप होते, हवा खेळत नाही, करपा धरतो आणि खालची फळे मातीला टेकून सडतात. म्हणून पहिल्या घोसाच्या खालच्या सगळ्या बगलफुटी काढायच्या, जमिनीपासून वीतभर खोड मोकळे करायचे आणि मग तार-काठीला बांधणी करायची, हा आमच्या नारायणगाव पट्ट्यातला नेम. बायका पात धरतात, चिमटीत कोंब येतो, कट्कन मोडतो आणि सरीत पडतो. टोमॅटोचा पाला जनावर खात नाही, त्यामुळे वैरणीलाही त्याचा उपयोग नाही. दुपारपर्यंत तो उन्हात वाळून जातो.

एकरात सहा-सात हजार झाडे आणि प्रत्येक झाडाच्या चार-पाच बगलफुटी धरल्या, तर हंगामाच्या सुरुवातीलाच एकरामागे २५-३० हजार कोंब सरीत पडतात. त्यातला जवळजवळ प्रत्येक कोंब मुळे धरू शकतो. ही काही गुपित विद्या नव्हे. पावसाळ्यात सरीत पडलेली बगलफूट आपोआप रुजलेली इथल्या प्रत्येकाने पाहिली आहे. तरीही मुद्दाम रोपे करणारे फार थोडे. मी गेली काही वर्षे करते. ती कुठे उपयोगी पडतात आणि कुठे हात आखडता घ्यावा, याचा माझ्यापुरता हिशेब आता पक्का झाला आहे.

सुरुवात नांग्यांपासून, म्हणजे रोप मेल्याने मोकळ्या पडलेल्या जागांपासून झाली. लागवडीनंतर पहिल्या पंधरवड्यात काही रोपे जातातच. कुठे मर लागते, कुठे तापलेल्या मल्चिंग पेपरला कोवळे खोड टेकून भाजते, कुठे ठिबकची नळी सरकते आणि ड्रिपर रोपापासून लांब जातो. नर्सरीवाल्याकडे शिल्लक रोपे असतात ती आठवडा-दहा दिवस. पुढे ती ट्रेमध्येच लांबट आणि पिवळी पडतात. आणि मिळाली तरी महिनाभराच्या बागेत कोवळे रोप लावले की शेजारची दोन झाडे त्याच्यावर सावली धरतात, आणि ते हंगामभर मागेच राहते. तोडणी चालू झाली तरी ते फुलातच असते.

अशाच एका उन्हाळ्यात मी काढलेल्या बगलफुटींतल्या चांगल्या निवडून ओल्या फडक्यात गुंडाळत होते. आमच्या टोळीच्या मुकादमीण मावशी बघत होत्या.

"ताई, मोडल्यालं परत लावता व्हय? दोन रुपयाला रोप मिळतंय की."

"मावशी, दोन रुपयाचं रोप आज लावलं तर ते या झाडांना कधी गाठायचं?"

त्यांनी मान हलवली, पण दुसऱ्या दिवशी सकाळी जाड, तरण्या बगलफुटी वेगळ्या काढून त्यांनीच माझ्यासाठी पाटीत ठेवल्या होत्या.

नांगीत बगलफुटीचे रोप बरोबर बसते, कारण ते वयाने लहान नसते. बियाण्याच्या रोपाला पहिले फूल दाखवण्याआधी सात-आठ किंवा जास्त पाने काढावी लागतात. बगलफूट ही पायरी आईच्या अंगावर असतानाच ओलांडून आलेली असते. मुळे धरली की थोड्याच पानांत तिला कळी येते. उंचीने ती शेजारच्या झाडांना लगेच गाठत नाही, पण तोडणीला बरीच लवकर मिळते. माझ्या बागेत नांगीतल्या बगलफुटीच्या झाडांचा पहिला तोडा बाकीच्या बागेच्या मागे पडतो, पण उशिरा आणलेल्या नर्सरीच्या रोपांच्या खूप आधी येतो.

इथे एक अट आहे. रोप मर रोगाने गेले असेल, खोड कापून पाहिल्यावर आत तपकिरी पट्टा दिसत असेल, तर त्याच जागी पुन्हा टोमॅटो लावून उपयोग नाही. रोग मातीत बसलेला असतो. तिथे मी नांगी तशीच सोडते किंवा झेंडू लावते.

टोमॅटोचे खोड एवढ्या सहज मुळे का धरते, हे समजून घेतल्यावर माझे निम्मे काम सोपे झाले. जुन्या झाडाच्या बुंध्याजवळ बारीक पुटकुळ्या दिसतात. ओल आणि अंधार मिळाला की त्यांतून मुळे बाहेर पडतात. खोडावरची लव म्हणजेच भावी मुळे असे बरेच जण ठामपणे सांगतात, ते खरे नाही. लव वेगळी, मुळांच्या पुटकुळ्या वेगळ्या. हाताला हिरवट-काळा रंग आणि टोमॅटोचा तो उग्र वास लागतो तो लवेमुळे.

मुळांची सूत्रे शेंड्याकडे असतात. शेंड्यात ऑक्सिन नावाचे संप्रेरक तयार होते आणि खोडातून खाली उतरत राहते. जोवर ते उतरते, तोवर खालचे कोंब दबून राहतात. शेंडा खुडला की बगलफुटी उसळून येतात, हे प्रत्येक टोमॅटोवाल्याने पाहिलेले असते. त्याचे कारण हेच. बगलफूट झाडापासून मोडली की तिच्या शेंड्यातले ऑक्सिन मोडल्या टोकाशी येऊन साठते आणि तिथेच मुळांना चालना देते. म्हणून रोपासाठी घेतलेल्या बगलफुटीचा शेंडा शाबूत हवा. आणि म्हणूनच टोमॅटोला मुळे फुटण्याची पावडर लागत नाही. दुकानदार देईल, पण गुलाबाला किंवा डाळिंबाला जी गरज आहे ती टोमॅटोला नाही.

नव्या मुली कामावर आल्या की त्यांना आधी बगलफूट आणि घोस यांतला फरक दाखवावा लागतो. बगलफूट नेहमी पानाच्या बगलेत असते. घोसाचा दांडा दोन पानांच्या मधल्या उघड्या खोडावरून निघतो, त्याच्या खाली पान नसते. घाईत घोस मोडला तर तेवढा माल गेला. पहिल्या घोसाच्या लगेच खालची बगलफूट सगळ्यांत जोमदार असते. रोपासाठी माझी पहिली पसंती तिलाच.

आता कृती. बगलफूट ४ ते ६ इंचांची घ्यावी. त्याहून लहान असेल तर ती सुकते, फार लांब असेल तर पाण्याने फुगलेली असते आणि माना टाकते. वेळ सकाळची, ऊन चढण्याआधीची, कारण तेव्हा खोडात पाणी भरलेले असते. कोंब आडवा वाकवला की सांध्यावर स्वच्छ मोडतो, ब्लेड लागत नाही. ब्लेड नको म्हणण्याचे कारण पुढे येईल. खालची पाने काढायची, वरची दोन-तीन ठेवायची, ती मोठी असतील तर अर्धी कापायची. कळी असेल तर मोह न धरता खुडायची.

घरी एक-दोन रोपे करायची असतील तर पेलाभर पाणी पुरते. पाणी दिवसाआड बदलावे, पेला उन्हात ठेवू नये. ऊबदार दिवसांत आठवड्याभरात पांढरी मुळे दिसतात. पण पाण्यातली मुळे ठिसूळ असतात. इंचभर झाली की मातीत हलवावीत, कौतुकाने बघत बसू नये. नुसत्या पाण्यात वाढलेला मुळांचा जुडगा मातीत गेल्यावर पुन्हा नव्याने सुरुवात करतो.

शेतीसाठी मी थेट कोकोपीट वापरते. बियाण्याला वापरतात तो ९८ कप्प्यांचा ट्रे बगलफुटीला दाटीचा होतो, मोठ्या कप्प्यांचा घ्यावा. कोकोपीट आधी भिजवून पिळून घ्यायचे, काडीने भोक पाडायचे, त्यात बगलफूट दोन इंच उतरवायची आणि बाजूने दाबायची. ट्रे शेडनेटखाली. पहिल्या दिवशी सगळ्या माना टाकतात. इथेच माणूस घाबरून पाणी ओततो. वास्तविक पाणी कमी नसते, पाणी ओढणारी मुळे नसतात. वरून पाणी ओतल्याने खोडाचे टोक काळे पडून सडते. अशा वेळी हवेत ओल हवी, म्हणून फवारा मारायचा आणि उन्हाळ्यात ट्रेभोवती ओले बारदान टांगायचे. तिसऱ्या दिवशी सकाळी बहुतेक ताठ उभ्या असतात. ज्या नसतील त्या काढून टाकाव्यात. दहा दिवसांनी हलकेच ओढून पाहिले आणि रोप वर आले नाही, तर मुळे धरली. मग तीन-चार दिवस सकाळचे ऊन दाखवायचे आणि लावायचे.

आमच्याकडे लागवड फेब्रुवारीपासून एप्रिलपर्यंत चालते, म्हणजे बगलफुटींचा काळ ऐन उन्हाळ्याचा. त्यात रोपे करणे कष्टाचे. पावसाळ्यात हवेतच ओल असते, रुजण्याचे काम जवळजवळ फुकट होते, पण करपा सावरू देत नाही. सगळ्यांत सोपे दिवस दसऱ्यापासून दिवाळीपर्यंतचे. परसबागेसाठी रोपे करणाऱ्याने तेच धरावेत.

बगलफुटीच्या रोपाला सोटमूळ नसते. मुळांचा झुपका वरच्या थरात पसरतो. ठिबकवर त्याने अडत नाही, पण झाड वाऱ्याने कलते, म्हणून बांधणी लवकर करावी. थोडे खोल लावले की खोडाला आणखी मुळे फुटतात. हलक्या, निचऱ्याच्या जमिनीत हे चालते. काळ्या भारी जमिनीत पावसाच्या तोंडावर खोल लावलेले रोप बुंध्यातच कुजते.

आता हातांविषयी. टोमॅटोवर मोझॅकचे असे विषाणू येतात की त्यांना पसरायला किडा लागत नाही, रस पुरतो. एका आजारी झाडाची बगलफूट मोडली, तोच रस पुढच्या झाडाच्या ताज्या जखमेला लागला, की काम झाले. ब्लेडने हा प्रवास आणखी सोपा होतो. तंबाखूवरचा मोझॅक विषाणू वाळलेल्या तंबाखूतही टिकून राहतो आणि टोमॅटोला लागतो. बगलफुटी काढणाऱ्याने चुना लावून तंबाखू मळला आणि हात न धुता पात धरली, तर तो रोग ओळीने पेरत जातो. मी बांधावर साबण आणि पाण्याची बादली ठेवते. रोपासाठी बगलफुटी घेताना आणखी एक उपाय करते. पातळ केलेल्या दुधात बोटे बुडवायची. दुधातली प्रथिने या विषाणूला निकामी करतात. टोळीला पहिल्यांदा हसू आले होते. "तंबाखू सोडायला सांगत नाही, हात धुवायला सांगते," एवढे म्हटल्यावर सगळ्यांना पटले.

हे सगळे सांगून झाल्यावर मूळ मुद्दा येतो. बगलफूट म्हणजे तेच झाड. त्याचा जोम, त्याचा फळाचा आकार, त्याची गोडी सगळे येते आणि त्याचे दुखणेही येते. बियाण्यात काही रोग गळून पडतात. पांढऱ्या माशीने आणलेला चुरडा-मुरडा बियाण्यातून सहसा पुढे जात नाही. बगलफुटीतून मात्र तो जसाच्या तसा नव्या जागी जातो.

२०२० च्या उन्हाळ्यात आमच्या भागात आणि संगमनेर-अकोल्याकडे टोमॅटो एकसारखे पिकेनात. एकाच फळावर लाल, पिवळे, फिकट पट्टे, आत काळपट. लोकांनी त्याला 'तिरंगा' नाव दिले. टाळेबंदी चालू, बाजार विस्कळीत आणि त्यात हे. नमुने बेंगळुरूच्या फलोत्पादन संशोधन संस्थेत तपासले गेले आणि काकडीवरच्या मोझॅक विषाणूचे नाव पुढे आले. हा विषाणू मावा पसरवतो. त्या वर्षापासून मी एक खूणगाठ मनाशी बांधली. कित्येक झाडे पानांवरून धडधाकट दिसत होती आणि फळ पिकायला लागल्यावर उघडी पडली. म्हणजे नुसती हिरवीगार झाडे पाहून बगलफूट घेण्यात अर्थ नाही.

म्हणून आता मी आई आधी निवडते. नांग्यांसाठी लवकर बगलफुटी लागतात, तेव्हा फळ पाहण्याची सोय नसते. त्या वेळी शेंड्याची पाने सरळ, रंग एकसारखा, आजूबाजूची झाडेही तशीच असतील तरच घ्यायची. त्या बगलफुटी त्याच बागेत लावल्या जातात, त्यामुळे रोग नवीन जागी जात नाही. दुसऱ्या जागेसाठी किंवा पुढच्या हंगामासाठी रोपे करायची असतील तर मात्र पहिल्या घोसाची फळे पिकून हातात येईपर्यंत थांबायचे. चांगल्या झाडांना लाल सुतळी बांधून ठेवायची आणि नंतर त्यांच्या वरच्या भागातल्या बगलफुटी घ्यायच्या. नागअळीची वेडीवाकडी रेघ पानावर असेल तर ती बगलफूट बाद. पान पोखरणारी तुटा नावाची दुसरी अळी आपल्या देशात पहिल्यांदा २०१४ साली पुणे भागातल्या टोमॅटोवर नोंदली गेली. तेव्हापासून ती गेलेली नाही, आणि कोवळ्या कोंबात तिची अंडी सहज लपतात.

वाणाचाही विचार हवा. सतत वाढणाऱ्या वाणांची बगलफूट उत्तम. ज्यांची वाढ ठरावीक उंचीवर थांबते, त्यांची बगलफूट लवकर फुलते आणि तिथेच संपते, त्यामुळे झाड खुजे राहते. काही ठिकाणी मर रोगाला तोंड देण्यासाठी वांग्याच्या खुंटावर कलम केलेली टोमॅटोची रोपे मिळतात. त्यांची बगलफूट लावली तर खाली मुळे टोमॅटोची येतात, वांग्याची नाही. जास्तीचे पैसे ज्यासाठी मोजले तो खुंट मागेच राहतो.

संकरित वाणाच्या बाबतीत बगलफुटीला एक मोठा मान आहे. संकरित फळाचे बी धरून पेरले तर पुढच्या पिढीत नाना तऱ्हेची झाडे निघतात. बगलफुटीतून मात्र तंतोतंत तेच वाण मिळते. शेजारच्या आत्याबाईंनी विचारले होते, "कंपनीचं वाण, असं केलेलं चालतं का गं?" २००१ च्या पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्याने शेतकऱ्याला आपल्या शेतातले बियाणे राखायला, पुन्हा लावायला आणि देवघेव करायला मुभा दिली आहे, आणि त्या कायद्याच्या व्याख्येत बियाणे म्हणजे फक्त दाणा नव्हे. कंपनीच्या नावाने विकायला बंदी आहे. आपल्या रानात लावायला हरकत नाही.

मग सगळी एकरभर लागवडच बगलफुटींवर का करू नये? जुलै २०२३ मध्ये हा प्रश्न मला पुष्कळांनी विचारला. नारायणगावच्या बाजारात २० किलोच्या कॅरेटने दोन हजारांचा आकडा ओलांडला होता. त्याच वर्षी मे महिन्यात भाव नाही म्हणून लोकांनी टोमॅटो फेकले होते. ज्यांनी बागा मोडल्या होत्या ते हळहळत होते, आणि ज्यांच्या बागा उभ्या होत्या त्यांच्याकडे लोक बगलफुटी मागायला येत होते. मी गणित मांडून दाखवले. एका बाईच्या दिवसाच्या मजुरीत नर्सरीतून दोनशेच्या आसपास तयार रोपे येतात. बगलफुटी निवडणे, साफ करणे, लावणे, पंधरा दिवस सांभाळणे आणि गेलेल्या वजा करणे, हे सगळे धरले तर बगलफुटीचे रोप स्वस्त पडत नाही. शिवाय जुलैच्या मध्यात मोडलेली बगलफूट कितीही घाई केली तरी तोडणीला येणार सप्टेंबरात. आणि त्या सप्टेंबरात भाव पुन्हा कोसळले होते. लवकर येणारे झाड म्हणजे भाव गाठणारे झाड नव्हे.

एकराला नर्सरीचे रोपच बरे. बगलफुटीची खरी जागा तीन ठिकाणी. पहिली नांग्यांत. दुसरी, हातात आलेले एखादे दुर्मिळ किंवा गावठी वाण वाढवण्यात, जिथे बी मोजकेच असते आणि एका झाडाची दहा झाडे करायची असतात. तिसरी परसात आणि गच्चीवर. टोमॅटो मुळात एका हंगामात संपणारे झाड नाही. जिथे गोठवणारी थंडी नसते तिथे ते दोन-तीन वर्षेही जगते. चेरी टोमॅटोचे एक चांगले झाड असेल तर त्याच्या बगलफुटींवर घरात वर्षभर टोमॅटो ठेवता येतो. फक्त कडक उन्हाळ्यात फळाची आशा धरू नये. पारा ३५ अंशांच्या पुढे गेला आणि रात्रीही तापल्या की परागकण निकामी होतात आणि फूल गळते. तेव्हा झाड नुसते जगवायचे. आणि ही साखळी वर्षानुवर्षे ओढू नये. दर पिढीला विषाणूची भर पडत जाते. वर्षा-दीड वर्षाने नवीन बियाण्यापासून पुन्हा सुरुवात करावी.

ज्यांना करून पाहायचे आहे त्यांनी एवढे करावे. बगलफुटी काढायला जाण्याच्या आदल्या संध्याकाळी बागेतून एक चक्कर मारावी आणि सगळ्यांत निरोगी पाच झाडांना सुतळी बांधून ठेवावी. सकाळी हात धुऊन फक्त त्यांच्याच बगलफुटी घ्याव्यात. बाकीच्या सरीत पडू द्याव्यात आणि संध्याकाळी गोळा करून बागेबाहेर नेऊन पुराव्यात.